गुणांची डबी

माणसाने जिवापाड जपलेल्या वस्तूंविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्या ज्या डब्यांत जपल्या गेल्या, त्या डब्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेत अशी एक डबी आहे. कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकची, चपटी, तळहाताएवढी. आत खेळाडूचे चित्र छापलेले पुठ्ठ्याचे लहानसे कार्ड आणि त्यावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कार्डाचे नाव, अनुक्रमांक आणि 1 ते 10 यांपैकी एक आकडा. हा आकडा म्हणजे कार्डाच्या प्रकृतीला एका कंपनीने दिलेले गुण! डबीचे दोन्ही भाग अतिसूक्ष्म कंपनांनी कडेने वितळवून एकजीव केलेले असतात. तिला ना बिजागरी, ना कडी. आणि गंमत अशी, की पदरचे पैसे मोजून बंद करून घेतलेली ही डबी काही शौकीन पुढे हातात पक्कड घेऊन स्वतःच फोडतात. मी पडलो शाळामास्तर. गुण देण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे या फोडाफोडीची हकीकत मला मोठी बोधप्रद वाटते.

या हकीकतीचा प्रारंभ तंबाखूपासून होतो. सिगारेटचे पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. कोरा तुकडा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हे चाणाक्ष कारखानदारांच्या ध्यानी आले. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉल खेळाडूंची पाचशेहून अधिक कार्डे अशी काढली. त्यांत पिट्सबर्गचा विख्यात खेळाडू होनस वॅग्नर होता. त्याने आपले कार्ड छापण्यास हरकत घेतली. आपल्या चित्रापायी पोरांनी तंबाखू विकत घेऊ नये, असे त्याला वाटले, असे कोणी म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे दुसरे म्हणतात. कारण कोणतेही असो, छपाई थांबली आणि थोडीच कार्डे बाहेर गेली. दुर्मिळतेचा जन्म बहुधा असाच होतो.

त्या काळी कार्डे जपण्याची रीत साधी होती. सिराक्यूजचा जेफरसन बर्डिक हा विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. संधिवाताने त्याचे हात वाकडे झालेले. या गृहस्थाने अमेरिकेतील असल्या छापील कार्डांची पहिली मोठी सूची केली. वॅग्नरच्या संचाला आज जे ‘टी 206’ नाव आहे, ते त्या सूचीतलेच. आपला तीन लाखांहून अधिक चिजांचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केला आणि वर्षानुवर्षे तेथे बसून, दुखऱ्या हातांनी, कार्डे वह्यांत चिकटवली. होय, चक्क खळीने! त्यांत एक वॅग्नरही होता. काम 1963 च्या जानेवारीत संपले आणि मार्चमध्ये बर्डिक वारला. आजच्या एखाद्या दलालाने ते चिकटवणे पाहिले असते, तर त्याला घेरीच आली असती.

पुढे किमती चढल्या आणि तंटे सुरू झाले. विकणारा म्हणे, ‘नव्यासारखे आहे’. टपालाने आलेले पाकीट उघडावे, तो कोपरे झिजलेले! हेच दुखणे नाण्यांच्या बाजारात आधीपासून होते. विल्यम शेल्डन या संग्राहकाने 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी सुचवली. हिचे मूळ ध्यानात ठेवण्याजोगे आहे: 70 श्रेणीच्या नाण्याची किंमत 1 श्रेणीच्या नाण्याच्या सत्तर पट, असा तो हिशेब होता. म्हणजे हा आकडा जन्मला तोच किंमत म्हणून. गुण हे नाव त्याला मागाहून चिकटले! 1986 साली पी.सी.जी.एस. ही कंपनी नाणी पारखून, आकडा देऊन, डबीत बंद करू लागली. 1991 साली त्याच मंडळींनी कार्डांसाठी पी.एस.ए. काढली.

आता खरी कथा येते. या नव्या कंपनीने पारखलेले पहिले कार्ड होते एक वॅग्नर. 1985 साली ते बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने 25,000 डॉलरांना घेतले होते. 1991 मध्ये आइस हॉकीचा नामवंत खेळाडू वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार यांनी ते लिलावात 4,51,000 डॉलरांना उचलले. कंपनीने त्याला 10 पैकी 8 गुण दिले, अनुक्रमांक 1. पुढे 2007 साली त्याची किंमत 28 लाख डॉलरांवर गेली. कडा कशा सुरेख, सरळ! आणि 2013 साली मॅस्ट्रोने न्यायालयापुढे कबूल केले, की त्या कडा आपणच कापल्या होत्या. लिलावातील लबाडीच्या खटल्यात त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. कापलेल्या कार्डास गुण द्यायचे नाहीत, हा या कंपनीचाच नियम. तंटा मिटवण्यासाठी निघालेल्या डबीत पहिल्याच दिवशी लबाडी बंद झाली, आणि कडेवरून बोट फिरवून ती ताडण्याची सोयही त्याच डबीने नाहीशी केली.

तर मग डबी फोडतात कशासाठी? बहुतेक वेळा लोभासाठी. 8 गुण मिळालेले कार्ड दुसऱ्या खेपेस 9 मिळवील, या आशेने. एका गुणाने किंमत अनेक पटींनी वाढते. पारखणारी माणसेच असतात, आज एक म्हणतील, उद्या दुसरे. कधी 9 ऐवजी 7 पदरात पडतात, तो भाग निराळा! शिवाय फोडणाऱ्याने जुनी चिठ्ठी कंपनीस परत पाठवली नाही, तर एकच कार्ड तिच्या खानेसुमारीत दोनदा मोजले जाते. माणूस एक आणि शिधापत्रिका दोन, तसलाच हा प्रकार.

फोडण्याची कला मात्र हलक्या हाताची. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण कपच्या उडतात. चिठ्ठीकडचा कोपरा, म्हणजे कार्डापासून दूरचा, कटरने कुरतडायचा; फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हळूच पिळायचा. शिवण कडकड उसवत जाते. घाई करायची नाही; दोन्ही पाळी सुटल्या की कार्ड आपणहून हाती येते. हत्यार आत घसरले, तर शंभर वर्षे टिकलेला कोपरा एका क्षणात जातो.

परंतु काही थोडे लोक निराळ्याच कारणासाठी फोडतात. त्यांना कार्ड हातात घ्यायचे असते. पुठ्ठ्याची जाडी बोटांना जाणवावी, पाठीमागचा मजकूर निवांत वाचावा, संचातल्या इतर भावंडांशेजारी ते वहीत बसावे, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी ते छापील आकडा आणि त्याबरोबरची किंमत खुशाल सोडून देतात. ही बर्डिकच्या जातीची माणसे. बाजार त्यांना खुळे म्हणेल; मी म्हणणार नाही. 2022 साली अवघे 2 गुण मिळालेला एक झिजका वॅग्नर 72 लाख 50 हजार डॉलरांना विकला गेला. तो झिजका होता, पण त्याच्या कडा कोणी कापल्या नव्हत्या. एवढे बाजारालाही कळले म्हणायचे!

आपल्या भाषेत ‘गुण’ या एकाच शब्दात माणसाचा चांगुलपणाही आला आणि परीक्षेतला आकडाही. दोहोंची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. आकड्यावाचून शाळेचे चालत नाही, व्यापाराचेही चालत नाही. हे मी पुरते जाणतो, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिका माझीही वाट पाहत आहेत. परंतु कडा सुरेख दिसाव्यात म्हणून पोराला कापून ठेवणारे आईबाप आणि मास्तर आपल्याकडेही थोडे नाहीत. या दिवाळीत घरातले गुणपत्रक काही दिवस कपाटात राहू द्यावे, आणि ज्याचे ते गुणपत्रक, त्या पोराला शेजारी बसवून फराळ करावा.