गोष्टीच्या वेळची मेणबत्ती

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती ‘शांतता राखा’ ही पाटी. लांबलचक मेजे, त्यांवर वृत्तपत्रे चाळीत बसलेले निवृत्त गृहस्थ आणि कुलूपबंद कपाटांच्या काचेआडून दिसणारे ग्रंथ. या चित्रात लहान मुलाला जागा नाही. असलीच तर ती वडिलांच्या शेजारी, तोंडावर बोट ठेवून बसण्यापुरती. पाच-सहा वर्षांच्या बालकांनी वाचनालयात यावे, गोल करून बसावे, गोष्ट ऐकावी, मग कागद, कात्री आणि खळ घेऊन त्या गोष्टीतील उंदीर किंवा राजा स्वतःच्या हातांनी तयार करावा आणि जाताना एखादे पुस्तक काखेत मारून घरी न्यावे, ही प्रथा आज जगातील अनेक शहरांत रूढ झालेली आहे. ती आपोआप रूढ झाली नाही. तिच्यामागे काही माणसांची, विशेषतः काही स्त्रियांची, हयात खर्ची पडली आहे. त्यांपैकी एकीची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालयांची दारे लहान मुलांना बहुधा बंदच असत. कोठे बारा, तर कोठे चौदा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज पुस्तक हाती मिळत नसे. मुले पुस्तके मळवतात, फाडतात, गलका करतात, ही कारणे सांगितली जात आणि ती अगदीच खोटी होती असेही नाही. या रिवाजाला धक्का देणाऱ्यांमध्ये हार्टफर्ड शहरातील कॅरोलाइन ह्यूइन्स या ग्रंथपाल बाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी १८८२ साली मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादीच छापून प्रसिद्ध केली. पुढे १८९६ साली ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात ॲन कॅरोल मूर यांच्या हाती मुलांचे स्वतंत्र दालन सोपविण्यात आले. मुलांच्या उंचीची मेजे-खुर्च्या, हाताला लागतील अशी कपाटे, भिंतींवर चित्रे अशी तेथील रचना होती. याच बाई १९०६ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाच्या प्रमुख झाल्या. १९११ साली त्या शहरात वाचनालयाची संगमरवरी भव्य इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्यातही मुलांची खोली होती. पुस्तक घरी नेऊ इच्छिणारे मूल प्रथम एका वहीत आपल्या हाताने नाव लिही आणि पुस्तके जपून वापरण्याचे वचन देई. नाव लिहिता आले की वाचनालयाचा सभासद! वयाची अट गळून पडली.

याच सुमारास इंग्लंडहून मारी शेडलॉक नावाच्या कथनकार बाई अमेरिकेत आल्या. त्यांचे कथाकथन ऐकून ग्रंथपालांना उमगले की, मुलाला पुस्तकाकडे नेणारी वाट कानांतून जाते. मग ठिकठिकाणी ‘गोष्टींचा तास’ सुरू झाला. न्यूयॉर्कच्या वाचनालयांत या तासाला एक सुंदर विधी जोडला गेला. गोष्ट सुरू होण्यापूर्वी मेणबत्ती लावायची, तिच्या उजेडात गोष्ट सांगायची आणि शेवटी मुलांनी मनातल्या मनात एक इच्छा धरून ती विझवायची. आपण कॅथलिक मंडळी मेणबत्तीचा अर्थ जाणतो. जेथे ती पेटते, तेथे काहीतरी पवित्र घडणार आहे, हे मुलाला सांगावे लागत नाही.

परंतु या सुंदर व्यवस्थेत एक मोठी उणीव राहून गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी इंग्रजीत असत आणि त्या छापील पुस्तकातीलच असाव्यात असा दंडक होता. न्यूयॉर्क हे तर देशोदेशींच्या स्थलांतरितांचे शहर. ज्याची भाषा वेगळी आणि ज्याच्या आजीच्या गोष्टी कोणी छापलेल्या नाहीत, त्या मुलाने त्या उजेडात कोठे बसावे? या प्रश्नाचे उत्तर ज्या स्त्रीने शोधले तिचे नाव पुरा बेलप्रे.

पुरा बेलप्रे मूळच्या पोर्तो रिकोच्या. कॅरिबियन समुद्रातील हे बेट चारशे वर्षे स्पेनच्या ताब्यात होते. त्यामुळे तेथील भाषा स्पॅनिश आणि लोक कॅथलिक. १८९८ च्या युद्धानंतर ते अमेरिकेच्या हाती गेले आणि तेथील शाळांवर इंग्रजी लादली गेली. १९१७ साली बेटावरील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि रोजगारासाठी न्यूयॉर्ककडे येणाऱ्यांचा ओघ वाढू लागला. बेलप्रे यांचा जन्म सिद्रा या गावी, शतक पालटण्याच्या सुमारास झाला. त्यांचे बालपण आजीच्या गोष्टी ऐकण्यात गेले. ऐकलेल्या गोष्टी त्या सवंगड्यांना झाडाखाली बसवून पुन्हा सांगत. पुढे त्या विद्यापीठात दाखल झाल्या. शिक्षिका व्हायचे हे त्यांनी ठरवून टाकले होते.

१९२० साली बहीण एलिसा हिच्या लग्नासाठी त्या न्यूयॉर्कला आल्या आणि तेथेच राहिल्या. प्रथम त्यांनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम केले. हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरच्या वाचनालयात तेव्हा अर्नेस्टिन रोझ या प्रमुख होत्या. वस्तीत स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढत आहेत हे ओळखून त्या स्पॅनिश जाणणारी मदतनीस शोधत होत्या. त्यांनी प्रथम विचारले ते एलिसाला. तिच्या पतीला पत्नीने नोकरी करणे मान्य नव्हते. एलिसाने ती जागा पुराला घ्यायला लावली. अशा रीतीने १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात पोर्तो रिकोची पहिली कर्मचारी रुजू झाली. परमेश्वर एक दार लावतो तेव्हा दुसरे उघडून ठेवतो, असे आपले वाडवडील म्हणत, त्याची येथे आठवण होते.

नोकरीच्या आरंभीच्या काळात बेलप्रे एकदा लोककथांच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या. देशोदेशींच्या परीकथा तेथे ओळीने मांडलेल्या होत्या. आपल्या बेटाची एक तरी गोष्ट सापडेल म्हणून त्यांनी फळीमागून फळी धुंडाळली. एकही नव्हती. आजीने सांगितलेले ते सारे भांडार जणू जगात अस्तित्वातच नव्हते, कारण ते कोणी लिहून ठेवले नव्हते. ज्याच्या घरची गोष्ट कपाटात नाही, ते मूल त्या वाचनालयात पाहुणेच राहणार, हे त्यांना त्या दिवशी कळून चुकले.

पुढे वाचनालयाच्याच प्रशिक्षण शाळेत कथाकथनाच्या अभ्यासक्रमासाठी त्यांनी आजीची एक गोष्ट लिहून काढली. मार्टिना नावाचे एक देखणे झुरळ आणि पेरेझ नावाचा एक शिष्ट उंदीर यांची ती गोष्ट. मार्टिनाला मागणी घालायला एकामागून एक प्राणी येतात. ‘माझ्याशी कसे बोलाल?’ असे ती प्रत्येकाला विचारते आणि ज्याचा आवाज तिला गोड वाटतो, त्या पेरेझशी लग्न करते. पुढे ती बदाम-मनुका घालून गोड भात शिजवत असता तो चाखण्याच्या मोहाने पेरेझ भांड्यात पडतो आणि मरतो. गोष्टीचा शेवट दुःखाचा आहे. मुलांना दुःख सोसत नाही असे आपण समजतो. पण आपल्या आज्यांनी तसे कधी मानले नाही आणि बेलप्रे यांच्या आजीनेही मानले नाही.

गोष्ट छापलेली नव्हती. सांगण्याची परवानगी नव्हती. बेलप्रे यांना ती खास मिळवावी लागली. त्यांची ‘पेरेझ आणि मार्टिना’ १९३२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्याआधी १९२९ मध्ये त्यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील वाचनालयात झाली होती. तो भाग तेव्हा पोर्तो रिकोच्या कुटुंबांनी भरत चालला होता. तेथे त्यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गोष्टींचा तास सुरू केला. मुलांबरोबर आया येऊ लागल्या. ज्यांना इंग्रजीचा एक शब्द समजत नव्हता आणि म्हणून वाचनालयाची पायरी चढायला ज्या धजत नव्हत्या, त्या आता मागच्या रांगेत बसून आपल्याच गावची गोष्ट ऐकत होत्या. आया वाचनालयात येईपर्यंत बेलप्रे थांबून राहिल्या नाहीत. चर्च, मंडळे, शाळा, जेथे जेथे माणसे जमत, तेथे तेथे त्या जात आणि वाचनालय तुमचे आहे असे सांगत.

याच वाचनालयात त्यांनी ६ जानेवारीचा तीन राजांचा सण साजरा करण्यास आरंभ केला. पोर्तो रिकोत मुलांना भेटी मिळतात त्या तीन राजांकडून. सणाच्या आदल्या रात्री मुले राजांच्या उंटांसाठी खोक्यात गवत भरून बिछान्याखाली ठेवतात आणि सकाळी गवताच्या जागी भेट पाहतात. नव्या शहरात आलेल्या मुलांना वाटत होते की हा सण मागे बेटावर राहिला. सार्वजनिक वाचनालयात तो गाणी, नाच आणि गोष्टींसह साजरा होताना पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपल्याला करता येते. येशूबाळाच्या भेटीला आलेले ते ज्ञानी पुरुषही परदेशांतून, अनोळखी वाटेने आलेले होते.

गोष्टीला हातांच्या कामाची जोड देणे हीदेखील बेलप्रे यांची आवड. त्या स्वतः बाहुल्या तयार करीत आणि गोष्टीतील पात्रे बाहुल्यांच्या खेळातून मुलांपुढे उभी करीत. १९४३ साली त्यांनी क्लॅरेन्स कॅमेरन व्हाइट या संगीतकाराशी विवाह केला आणि काही काळाने नोकरी सोडून त्या लेखनात रमल्या. त्यांचा लोककथासंग्रह १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० साली पतीचे निधन झाले, तेव्हा त्या पुन्हा वाचनालयाच्या सेवेत आल्या आणि साऱ्या शहरातील स्पॅनिश भाषक मुलांचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९६८ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दक्षिण ब्राँक्स या गरीब वस्तीसाठी आखलेल्या वाचनालय-योजनेत त्या बाहुल्यांचा फिरता रंगमंच घेऊन हिंडत राहिल्या. १ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. लॅटिन अमेरिकन जीवनाचे चित्रण करणाऱ्या बालसाहित्यासाठी १९९६ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देण्यात येतो. ज्या कपाटात एकही गोष्ट नव्हती, तेथे आज फळ्या भरल्या आहेत.

अमेरिकेतील या चळवळीचा एक धागा आपल्याही प्रदेशाशी जुळलेला आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिकलेल्याला वाचायला पुस्तक हवे, हे ओळखून त्यांनी अमेरिकेतील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणविले. बॉर्डन यांनी रचलेल्या व्यवस्थेत खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके पोचत असत. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालनही होते. पुढे महाराष्ट्रात साने गुरुजींच्या नावाने कथामाला निघाली आणि गोष्ट सांगणे हे संस्काराचे काम आहे, ही जाणीव शाळाशाळांत पोचली. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण ती विसरलो आहोत इतकेच.

येथे मला माझा एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात असताना आमच्या छोट्या वाचनालयाला मुलांच्या पुस्तकांची मोठी देणगी मिळाली. सुंदर, गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तके. आम्ही ती कौतुकाने मांडली. मुले येत, चित्रे पाहत आणि जात. मे महिन्याच्या सुटीत एका दुपारी मी गावातील एका वृद्ध बाईंना मुलांशी बोलायला बोलावले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या बोलीत विहिरीची आणि लबाड कोल्ह्याची गोष्ट सांगितली. इंग्रजी शाळेत जाणारी आमची मुले आधी शब्दांना हसली, मग गोष्टीला हसली आणि मग हसायचे विसरून ऐकू लागली. गोष्ट संपल्यावर एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “फादर, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे?” मी कपाटाकडे पाहिले. ती कोणत्याच पुस्तकात नव्हती. त्या बाई पुढे दोन वर्षांनी देवाघरी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मी उभा होतो आणि मला राहून राहून ते कपाट आठवत होते. त्या दुपारनंतर वही घेऊन त्यांच्या दारी जावे, हे मला सुचले नाही, याची खंत अद्याप आहे.

आपल्या मुलांनी इंग्रजी शिकू नये असे मी म्हणणार नाही. बेलप्रे यांनीही तसे कधी म्हटले नाही. त्यांनी मुलांना दोन्ही भाषांत गोष्ट दिली. त्यांचे म्हणणे आपल्या परिस्थितीला लावून पाहिले तर ते एवढेच होते, की नव्या घरात जाताना मुलाच्या हातात जुन्या घरची एक तरी वस्तू असावी. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते मराठीत, कारण ज्यांना ख्रिस्ताची कथा सांगायची, त्यांच्या कानांना ओळखीचा असा सूर त्यांना हवा होता. १६१६ साली छापलेला तो ग्रंथ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जपला. स्वतः प्रभू येशूने दाखले सांगितले ते बी, खमीर, जाळे आणि हरवलेले मेंढरू यांचे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरचेच.

आपल्या सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोलींत अजून गोष्टी सांगणाऱ्या आज्या आहेत. फार नाहीत, पण आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने महिन्यातून एका रविवारी, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर, एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवावा. खर्च काहीच नाही. एक सतरंजी, थोडे रंगीत कागद, कात्र्या आणि एक मेणबत्ती पुरे. मुलांनी गोष्ट ऐकावी, तिच्यातील कोल्हा कागदाचा करून घरी न्यावा. आणि तरुणांपैकी कोणीतरी मागे बसून वहीत ती गोष्ट आजीच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, सांगणाऱ्या आजीचे नाव आणि तारीख घालून. वही भरली की ती मुलांच्या कपाटात, त्या गुळगुळीत पुस्तकांच्या शेजारी ठेवावी. त्या मुलीसारखा प्रश्न उद्या एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला दाखवायला आपल्याजवळ निदान ती वही असेल.