चाकोरी, घाट आणि एक दांडा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांनी गाडीखालच्या एका दांड्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण या दांड्याच्या इतिहासात बांधणं आणि सोडणं हा फार जुना प्रश्न दडलेला आहे. शिवाय सातारा-सांगलीत गाडी चालवणाऱ्यांच्या जिवाशीही त्याचा संबंध आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पडलेली चरी. आज आपण 'चाकोरीबाहेरचा विचार' म्हणतो, तेव्हा ती चरी डोळ्यांसमोर येत नाही. जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. दोन्ही चाकं एका आखावर, आणि आख गाडीला घट्ट बांधलेला. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी कलायची. कृष्णाकाठच्या काळ्या रानात उसाची गाडी कलली म्हणजे काय होतं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून चाकोरी सोडायची नाही, हा त्या काळचा शहाणपणा होता.

मग जीप आली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' असं नाव घेतलेल्या कंपनीनं १९४७ मध्ये विलिज जीपचे ७५ संच सुट्या भागांत मागवले आणि मुंबईत जोडले. पुढे हीच जात आपल्याकडे सरकारी कामाला, शेताला आणि वडापला लागली. विलिज जीपला आखाखाली पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. पाटे ताठ, त्यामुळे गाडी हाडं खिळखिळी करायची. पण त्याच ताठपणामुळे वळणावर कलणं काही प्रमाणात रोखलं जायचं. आज ज्या दांड्याबद्दल बोलतोय, तो त्या जीपला नव्हता.

गाड्या आरामशीर करायच्या म्हणून पाट्यांच्या जागी मऊ कॉईल स्प्रिंगा आल्या. आता वळणावर गाडी जास्त झुकू लागली. यावरचा उपाय मात्र आधीच सापडला होता. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आपले मिस्त्री त्याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला हा दांडा असतो. मधला भाग रबरी बुशांमध्ये चासीला धरलेला आणि दोन टोकं लिंकनं दोन्ही चाकांच्या बाजूंना जोडलेली. गाडी झुकली की दांडा पिळला जातो आणि तो पीळ झुकण्याला विरोध करतो. पसरणी घाटात किंवा कुंभार्ली घाटात एकामागून एक वळणं घेताना गाडी सावरून धरायला याची मोठी मदत होते.

पण म्हणजे बघा, दोन चाकं पुन्हा एकमेकांना बांधली गेली! आटपाडी-जतकडच्या एखाद्या ओढ्यात एक चाक दगडावर चढलं की हा दांडा दुसऱ्यालाही वर ओढतो. ते अधांतरी झालं की साध्या डिफरन्शियलमध्ये नुसतं गरगर फिरतं, आणि जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. रस्त्यावरचा रक्षक रानात अडसर ठरला. त्यातून सुटणाऱ्या लिंकची कल्पना निघाली. बाजारात पिनेनं सुटणाऱ्या लिंक आल्या. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये बटणानं सुटणारा दांडा कारखान्यातूनच मिळू लागला. वेग वाढला की तो आपोआप जोडला जातो.

आता बसवण्याविषयी. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना अडसर लावायचा. दोन्ही चाकं एका पातळीत असली की दांड्यावर पीळ राहत नाही. त्यानंतरच जुन्या लिंक काढायच्या. नव्या लिंकची लांबी दोन्हीकडे सारखी ठेवून दांड्याची टोकं साधारण आडवी राहतील असं जुळवायचं. नट बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मापानंच आवळायचे, अंदाजानं नाही. मग स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि चाक पूर्ण खाली लोंबू देऊन ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, काही घासत नाही ना, हे पाहायचं. सोडलेली टोकं वर बांधून ठेवायची, म्हणजे टायरला लागत नाहीत. परत जोडताना पिनेचं भोक जुळत नसेल तर हातोडा मारू नये. गाडी आणखी सपाट जागी घ्यावी.

याचा खरा लाभ पुढचा आख अखंड असलेल्या रँग्लरसारख्या गाडीला होतो. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथं चाकाच्या हालचालीची मर्यादा मुख्यतः आर्म आणि जोडांच्या रचनेनं ठरते, म्हणून दांडा सोडून फायदा कमी. दुसऱ्याच्या गाडीला शोभलं ते आपल्याला लागेलच असं नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारलेलं बरं.

आणि चाकोरी सोडायची ती कुठं? २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला; कासचं पठार त्यात येतं. तिथल्या सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो. अशा जागी दांडा कितीही सुटा असला तरी गाडी रस्त्यावरच राहिली पाहिजे.

या इतिहासाकडे पाहताना आम्हाला वाटतं, बांधणं वाईट आणि सुटणं चांगलं असा निवाडा इथं होत नाही. जमीन पाहून ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं परत फिरवावंही लागतं. ओढ्यातून वर आल्यावर, घाट लागण्याआधी, खाली वाकून दोन्ही पिना जागेवर आहेत का हे हातानं चाचपायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं द्यावीत. मागच्या सीटवर माणसं बसलेली असतात.