केन व्हेंटुरीचे हात आणि वाणी

बोलतांना अडखळणाऱ्या मुलानें पुढें काय करावें, असें कोणी विचारलें तर आपण त्याला हिशेबाचें काम सुचवूं, चित्रकला सुचवूं, फार तर प्रयोगशाळा सुचवूं. लक्षावधि अनोळखी लोकांना ऐकूं जाईल अशा ठिकाणीं बसून, अगोदर लिहून न ठेवलेलीं वाक्यें तासन् तास बोलण्याचा धंदा कोणी सुचविणार नाहीं. केन व्हेंटुरी या अमेरिकन गोल्फपटूनें नेमका हाच धंदा पतकरला. आणि १९६८ पासून २००२ पर्यंत, म्हणजे सुमारें पस्तीस वर्षें, सीबीएस या दूरचित्रवाणी-संस्थेचा गोल्फ-समालोचक म्हणून त्याचा आवाज अमेरिकेच्या घराघरांत ऐकूं येत राहिला. खेळण्याचे दिवस सरले कीं खेळाडूनें समालोचनाकडे वळावें, ही आज एक रूढीच झाली आहे. व्हेंटुरीची हकीकत त्या रूढींत सहज बसवितां येईल. परंतु तशी बसविली तर तिच्यांतील मर्म हातचें जाईल, असें मला वाटतें. कारण हा मनुष्य गोल्फकडे गेला तोच मुळीं बोलणें टाळण्याकरितां.

त्याचा जन्म १५ मे १९३१ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. शहराच्या मालकीच्या हार्डिंग पार्क नांवाच्या मैदानावर गोल्फच्या साहित्याचें दुकान होतें. तें त्याचे वडील पाहत असत. मुलाचा तोतरेपणा कधींहि जाणार नाहीं, असें शाळेकडून आईला सांगण्यांत आल्याची आठवण तो म्हातारपणींहि सांगत असे. संघाच्या खेळांत सोबत्यांना हांका माराव्या लागतात, पंचाशीं वाद घालावा लागतो. गोल्फमध्यें त्यांतलें कांहींच नको. पोरगा दंडांची पिशवी खांद्यावर टाकी, एकटाच मैदानावर हिंडे, आणि चेंडू मारतां मारतां स्वतःशीं बोले. तोतरा मनुष्य एकांतांत बहुधा न अडखळतां बोलतो, हें या व्यंगाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. हार्डिंग पार्कच्या झाडांखेरीज दुसरा श्रोता नसल्यामुळें त्या मुलाच्या वाणीचा अभ्यास तेथें नकळत चालला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत क्रिकेटच्या मानानें गोल्फ अजून पाहुण्यासारखाच आहे, म्हणून दोन शब्द लिहितों. मैदानावर अठरा ‘होल’ म्हणजे लहानसे खळगे असतात. एकामागून एक त्या प्रत्येकांत चेंडू घालावयाचा, आणि सर्वांत कमी टोल्यांत जो हें काम उरकील तो जिंकला. मोठ्या स्पर्धा अशा चार फेऱ्यांच्या, म्हणजे बहात्तर होलांच्या असतात. प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूला शिवत नाहीं; बिघडवावयाचें तें तुमचें तुम्हींच बिघडवावयाचें. टोला एका क्षणाचा, आणि त्याच्यापुढें मिनिटेंच्या मिनिटें नुसती चाल. या चालीतल्या शांततेंतच पुष्कळ खेळाडू हरतात.

लष्करांतील नोकरी आटोपून आल्यावर व्हेंटुरी हा एडी लोअरी या मोटारविक्याकडे विक्रेत्याचें काम करूं लागला. हा लोअरी म्हणजे १९१३ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत फ्रान्सिस विमेट या हौशी तरुणाची पिशवी वाहणारा दहा वर्षांचा पोर. पुढें तो धनिक झाला व होतकरू खेळाडूंस हाताशीं धरूं लागला. त्याच्याच खटपटीनें १९५६ च्या जानेवारींत सायप्रेस पॉइंट येथें एक खासगी सामना झाला. एका बाजूस व्हेंटुरी व हार्वी वॉर्ड हे दोघे हौशी, दुसऱ्या बाजूस बेन होगन व बायरन नेल्सन हे दोन महारथी. हौशी जोडी अवघ्या एका होलानें हरली. नेल्सन हा व्हेंटुरीचा गुरु. त्याच्याकडून घेतलेला सरळ, नेमका टोला ही त्याची खरी मिळकत होती.

त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेंत त्यानें पहिली फेरी ६६ टोल्यांत संपविली, आणि तिसऱ्या फेरीअखेर तो चार टोल्यांनीं पुढें होता. हौशी खेळाडूनें ही स्पर्धा तेव्हांहि जिंकलेली नव्हती, आजवरहि जिंकलेली नाहीं. शेवटच्या दिवशीं त्याला ८० टोले लागले. आठ टोल्यांनीं मागें असलेल्या जॅक बर्कनें त्याला एका टोल्यानें मागें टाकलें. विशेष हें कीं, मास्टर्स स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा उपक्रम सीबीएसनें त्याच वर्षीं प्रथम केला होता. ज्या यंत्रापुढें पुढें त्याचें अर्धें आयुष्य जावयाचें होतें, त्या यंत्राशीं त्याची पहिली भेट ही अशी झाली.

हरण्यापेक्षां वाईट गोष्ट पुढें घडली. घरीं परतल्यावर विमानतळावर वार्ताहरांनीं त्याला गांठलें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत असें आलें कीं, आपल्याला शेवटच्या फेरींत सोबती कोण द्यावा यांत मास्टर्सच्या चालकांनीं अन्याय केला असें तो म्हणतो. वास्तविक प्रथेप्रमाणें त्याच्याबरोबर नेल्सन खेळावयाचा. पण गुरुशिष्यांची जोडी बरी दिसणार नाहीं म्हणून सॅम स्नीडची योजना झाली होती. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असें व्हेंटुरी शेवटपर्यंत म्हणत राहिला. ज्याला तोंडांतून शब्द काढण्याची मुळांत धास्ती, त्याच्या वाट्याला बोलण्यावरूनच दूषण यावें, हा योग विचित्र खरा.

तो धंदेवाईक झाला, सामने जिंकूं लागला. एकंदर चौदा प्रमुख स्पर्धा त्याच्या नांवावर आहेत. परंतु ऑगस्टा त्याला वश झालें नाहीं. १९५८ सालीं आर्नल्ड पामर त्याच्याच जोडीनें खेळत असतां बाराव्या होलापाशीं पामरचा चेंडू ओल्या मातींत रुतला. पंचानें सवलत नाकारली. पामरनें तो चेंडू तसाच खेळून पांच टोल्यांत होल पुरा केला, आणि मग दुसरा चेंडू ठेवून तीन टोल्यांत. कांहीं वेळानें समितीनें तीनच धरले. पामर जिंकला. दुसरा चेंडू खेळण्याचा बेत पहिला खेळण्यापूर्वींच सांगावयास हवा होता, ही व्हेंटुरीची तक्रार. ती त्यानें २००४ सालच्या आत्मकथेंत पुन्हां मांडली. नियमाच्या दृष्टीनें तिच्यांत अर्थ आहे, पण शेहेचाळीस वर्षांनंतर तो हिशेब उघडणें मला तरी शोभलेलें वाटलें नाहीं. १९६० मध्यें व्हेंटुरीचा खेळ संपला तेव्हां तो सर्वांच्या पुढें होता. मागून येणाऱ्या पामरनें शेवटच्या दोन्ही होलांवर एकेक टोला वांचवून त्याला पुन्हां एका टोल्यानें हरविलें.

त्यानंतर उतार लागला. १९६१ सालीं मोटारीचा अपघात, मागून दुखणीं, हरवलेला टोला, हरवलेला आत्मविश्वास. १९६३ सालची त्याची स्पर्धांतील सबंध कमाई चार हजार डॉलरांच्याहि आंत होती. १९६४ मध्यें मास्टर्सचें निमंत्रण आलें नाहीं, आणि अमेरिकन ओपनमध्यें शिरावयास त्याला पात्रतेचे सामने खेळावे लागले.

ती ओपन स्पर्धा वॉशिंग्टनजवळील काँग्रेशनल क्लबच्या मैदानावर झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें शेवटच्या शनिवारीं, २० जून रोजीं, दोन फेऱ्या एकाच दिवशीं खेळावयाच्या होत्या. आणि उष्णमान शंभर अंश फॅरनहाइटच्या घरांत, शिवाय दमट हवा. आपल्या कोंकणांतील मे महिना ज्यांनीं सोसला आहे त्यांना या दमटपणाचें वर्णन नको. सकाळीं व्हेंटुरी सहा टोल्यांनीं मागें होता. पहिले नऊ होल त्यानें तीस टोल्यांत संपविले, पण फेरीच्या अखेरीस त्याचें अंग थरथरूं लागलें व सोपे टोले चुकूं लागले. तरीहि ६६ झाले, आणि टॉमी जेकब्स हा त्याच्या पुढें केवळ दोन टोल्यांनीं उरला. दोन फेऱ्यांमधल्या सुटींत त्याला जमिनीवर निजविलें गेलें. डॉक्टर जॉन एव्हरेट यांनीं पुन्हां मैदानांत गेल्यास जीवावर बेतेल, असें बजाविलें. परंतु परत फिरून जावयास त्याला ठिकाण उरलें नव्हतें, आणि हें तो जाणून होता. डॉक्टर ओल्या थंड कापडाच्या घड्या घेऊन त्याच्याबरोबर चालले, मिठाच्या गोळ्या देत राहिले. (पुरेशा पाण्यावांचून अशा गोळ्या देणें आजचें वैद्यक घातक मानतें, तो त्यांतूनहि वांचला.) पावलें मंद झालीं, पण टोला ढळला नाहीं. शेवटची फेरी ७०, एकंदर २७८, आणि जेकब्स चार टोल्यांनीं मागें.

शेवटचा चेंडू होलांत पडला तेव्हां व्हेंटुरीला तो वांकून काढवेना. त्याचा सोबती रेमंड फ्लॉइड, एकवीस वर्षांचा तरुण, त्यानें तो काढून दिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असलेलें लोकांनीं पाहिलें. स्वतःच्या टोल्यांची नोंद तपासून सही करावयाची, तर व्हेंटुरीला आंकडेच आठवेनात. संघटनेचे अधिकारी जो डे यांनीं ती बरोबर असल्याचें सांगितल्यावर त्यानें सही केली. पुढच्याच वर्षापासून ही स्पर्धा चार दिवसांची, रोज एक फेरी अशी करण्यांत आली. या बदलाचें श्रेय बहुधा व्हेंटुरीच्या त्या शनिवारास दिलें जातें, आणि तें वावगें नाहीं. परंतु रविवारचा जादा दिवस दूरचित्रवाणीच्या चालकांनाहि हवा असणार, हेंहि विसरतां कामा नये.

यापुढें सुखाचे दिवस यावयाचे, तों हातांनीं दगा दिला. बोटें बधिर होऊं लागलीं, दंड हातांत आहे कीं नाहीं हें कळेना. मनगटांतील अरुंद नळींत मज्जातंतु दाबला जाण्याचा तो विकार होता. १९६५ सालीं मेयो क्लिनिकमध्यें शस्त्रक्रिया झाली. १९६६ च्या आरंभीं त्यानें आणखी एक स्पर्धा जिंकली, तीहि हार्डिंग पार्कवर, जेथें त्याच्या वडिलांचें दुकान होतें. त्याची ती शेवटची. मोठ्या विजयानंतर दोन वर्षांच्या आंत एका खेळाडूचें आयुष्य संपलें होतें, आणि वय पस्तिशीचेंहि नव्हतें.

१९६८ सालीं सीबीएसचा दिग्दर्शक फ्रँक चर्किनियन यानें त्याला बोलाविलें. गोल्फ पडद्यावर कसा दाखवावा याची बरीचशी रीत या चर्किनियननें बसविली. खेळाडूनें एकूण किती टोले मारले हें न सांगतां, अपेक्षित टोल्यांहून तो किती कमी वा अधिक आहे हें पडद्यावर दाखविण्याची आजची पद्धति त्याचीच मानली जाते. त्यानें एका तोतऱ्या माणसाला कां निवडावें? याचें उत्तर मी असें देतों. आकाशवाणीवरील क्रिकेटचें धावतें वर्णन ऐकून आपली अशी समजूत झालेली असते कीं, समालोचक म्हणजे अखंड बोलणारा. तेथें तो गप्प बसला तर श्रोता आंधळा होतो. पण चित्र दिसत असतां चेंडू कोठें गेला हें सांगणें व्यर्थ. तो तेथें कां गेला, आणि आतां खेळाडूच्या मनांत काय चाललें असेल, एवढेंच सांगण्यासारखें उरतें, आणि तें थोडक्यांत सांगावें लागतें. पुढचा टोला होईपर्यंत थांबावें लागतें. तोतऱ्या माणसाला थांबणें म्हणजे शरमेची गोष्ट वाटत आलेली. येथें तेंच थांबणें कामाचें ठरलें. व्हेंटुरीचीं वाक्यें आंखूड व साधीं असत. ‘स्ट्रोक सेव्हर’ नांवाचे छोटे पाठ तो प्रेक्षकांस देई; त्यांत नेल्सनकडून मिळालेलें धन तो सर्वांस वांटीत होता. प्रथम पॅट समरॉल व नंतर जिम नॅन्ट्झ यांच्या शेजारीं बसून त्यानें हें काम केलें. जीभ पूर्वी अडत असे, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं.

त्या पस्तीस वर्षांतील एका दिवसाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १९९६ सालीं मास्टर्सच्या शेवटच्या दिवशीं ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन सहा टोल्यांच्या आघाडीनें निघाला, आणि निक फाल्डो त्याच्याबरोबर खेळत असतां ती आघाडी होलागणिक वितळत गेली. नॉर्मनला ७८ टोले लागले, फाल्डोला ६७. त्या दिवशीं समालोचकाच्या जागेवर व्हेंटुरी होता. याच मैदानावर, चाळीस वर्षांपूर्वीं, चार टोल्यांची आघाडी गमावून ८० वर उतरलेला मनुष्य. त्या दुपारीं नॉर्मनला काय होत आहे हें जगांत फार थोड्यांना आंतून ठाऊक होतें, आणि त्यांतला एक जण माईकपाशीं बसलेला होता. उत्तम समालोचकाला उत्तम खेळाडू असावें लागतें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. मला वाटतें, जिंकलेल्याहून हरलेल्या दिवसांची शिदोरी त्याच्या अधिक उपयोगी पडते.

२००२ सालीं तो निवृत्त झाला. जागतिक गोल्फच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड २०१३ सालीं झाली, ती एकट्या खेळाबद्दल नव्हे, तर आयुष्यांतील एकंदर कामगिरीबद्दल, म्हणजे हात आणि वाणी या दोहोंबद्दल. ६ मे रोजीं फ्लोरिडांत समारंभ झाला तेव्हां तो कॅलिफोर्नियांत इस्पितळांत पडून होता. त्याच्या वतीनें त्याचे मुलगे बोलले. १७ मे रोजीं, ब्याऐंशींवा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असतां, तो वारला.