धूळपाटीचा प्रवास

मध्यंतरी शिक्षणसाधनांच्या एका परिषदेस आचऱ्याहून शिक्षक या नात्याने जाण्याचा योग आम्हांस आला. तेथे भिंतीएवढे पडदे, संगणक आणि मुलांच्या उत्तरांची तत्काळ नोंद करणारी यंत्रे मांडलेली होती. एका वक्त्याने अभिमानाने सांगितले की, या यंत्रांच्या साह्याने एकच शिक्षक अनेक वर्ग सांभाळू शकेल. सभेत टाळ्या पडल्या. आम्हांस मात्र आमच्या किनाऱ्यावरील वाळू आठवली. वाचकांस हे विचित्र वाटेल, म्हणून त्यामागील इतिहास थोडक्यात सांगणे प्राप्त आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धुळाक्षरे गिरवी. पाटीवर धूळ पसरावी, काडीने अक्षर काढावे, चुकल्यास हाताने पुसावे. ना कागदाचा खर्च, ना शाईचा. वाळूत लिहिण्याची अशीच रीत मद्रासेकडेही होती. तेथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार १७८९ साली अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. एका देशी शाळेत वाळूत अक्षरे काढणारी मुले त्याच्या दृष्टीस पडली, व तीच पद्धत त्याने आपल्या शाळेत आणण्याचे ठरविले. हाताखालच्या शिक्षकांनी टाळाटाळ केली. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलासच खालच्या वर्गावर नेमले. १७९७ साली लंडनमध्ये त्याने या प्रयोगाचे पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या लंडनमधील शाळेतही वाळूची फळी आली. एक शिक्षक, शेकडो मुले, आणि शिकविण्याचे बहुतेक काम थोरल्या विद्यार्थ्यांकडे, अशी ही व्यवस्था होती. स्वस्ताईमुळे तिचा बोलबाला झाला. आणि १८२० नंतरच्या दशकात मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने तीच आपल्या देशी शाळांसाठी नवी सुधारणा म्हणून पुरस्कारिली. येथून गेलेली धूळपाटी अशा रीतीने विलायती पोशाखात घरी परतली!

आमच्या पंतोजींची थोरवी गाण्याचा येथे हेतू नाही. त्यांची छडी व घोकंपट्टी सर्वश्रुत आहे. परंतु समुद्रापार गेले ते साधन आणि त्याची काटकसर. प्रत्येक मुलाकडे लक्ष देणारा प्रौढ मनुष्य मात्र त्या हिशेबात खर्चाची बाब ठरला. परिणाम व्हायचा तोच झाला. मुले ठराविक धडे ठराविक हुकुमाने म्हणू लागली. अडलेल्याचे का अडले, हे दहा वर्षांच्या नायकाने कसे ओळखावे? अखेर १८४६ साली इंग्लंडात सरकारनेच उमेदवार शिक्षकांस रीतसर शिक्षण देण्याची योजना आखली. इकडे मुंबईत शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची धुरा १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांकडे आली होती. ‘दर्पण’कार म्हणून सर्व जाणतात ते हेच, त्यांचे पोंभुर्ले आमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातले. साधने कितीही आली तरी शिक्षक घडविल्यावाचून गत्यंतर नाही, हा निष्कर्ष दोन्ही देशांस जवळजवळ एकाच काळी मान्य करावा लागला.

म्हणून परिषदेत आम्ही यंत्रांचा धिक्कार केला नाही. ज्या साधनाने मुलाचा हात चालतो, ज्यावर चूक निःसंकोच पुसता येते, आणि जे गरिबाच्या मुलासही मिळते, ते आम्हांस हवेच आहे. आम्ही एवढेच विचारले की, यंत्राने वाचलेला शिक्षकाचा वेळ मुलाच्या पदरी पडणार, की वाचलेला शिक्षकच कमी होणार? उत्तर समाधानकारक मिळाले नाही.

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुरावासरांसह वेशीबाहेर राहतो, आणि नेता येईल तेवढेच बिऱ्हाड बरोबर घेतो. त्या वेळी पडदा मागे राहिला तरी चालेल. मुलाची चूक कोठे आहे हे जाणणारा मनुष्य बरोबर असला, म्हणजे खोपीपुढील मातीतही धडा होऊ शकतो.