नोंदीत नसलेला आजा

अभिलेख कक्षात मी आजाचे नाव शोधत होतो. जंगलकाठच्या ज्या तुकड्यावर त्याने हयात घातली, त्यापुढे मालगुजाराचे नाव होते. आजा कुठेच नव्हता.

हे माझ्या एकट्याच्या घरचे नाही. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली त्यातून 1982 साली वेगळा झाला) मालगुजारी 1951 साली संपली. तोवर गावाचे कागद मालगुजार-पटवाऱ्याच्या हाती. आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे निरक्षराला कसे कळावे?

2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींखेरीज इतर वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करायला लावले. जंगलातले आपले दलित बांधव या 'इतरां'तच मोडतात. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांच्याकडेच 1930 चा पुरावा मागायचा!

पण याच कायद्याच्या नियमांत निस्तारपत्रकाबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, विहिरी, दफनभूमी हेही पुरावे मानले आहेत. माहितीचा अधिकारही 2005 पासून हाती आहे. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनो, दप्तरातल्या नकला मागा आणि सुट्टीत गावच्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. मालगुजाराने आजाचे नाव लिहिले नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.