गाठी नसलेल्या उसाचं गुपित

कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी आठवतात? 1888 साली डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी त्यांतले जिवाणू वेगळे काढले. हेच जिवाणू हवेतला नायट्रोजन, म्हणजे नत्र, पिकाला मिळवून देतात. पण उसाला गाठीच नसतात! तरी ब्राझीलमध्ये कमी नत्रखतावर वर्षानुवर्षं ऊस येत होता. मग नत्र येतं कुठून? योहाना डोबेराइनर आणि सहकारी काव्हालकान्ते यांनी ऊसच आतून तपासला. 1988 मध्ये धागा हाती लागला: मुळांत, कांड्यांत, गोड रसात राहून नत्र बांधणारा जिवाणू. आपल्याकडे लागणीआधी बेणं ज्या ‘ॲसिटोबॅक्टर’च्या द्रावणात बुडवतात, तो हाच. त्याने युरिया बंद होत नाही. पण एखादी गोणी वाचलीच, तर त्यामागे शंभर वर्षांचा शोध आहे.