विमान-प्रतिकृतींमधील आसंजित सांधे

विमानाच्या लहान, उडणाऱ्या प्रतिकृतीचे भाग खिळे, स्क्रू वा रिव्हेट न वापरता आसंजकाने (चिकटविणाऱ्या द्रव्याने) कायमचे जोडून तयार होणाऱ्या सांध्यांना आसंजित सांधे म्हणतात. काचतंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकच्या पोकळ धडात एंजिनाची भिंत, पंखांचा व चाकांचा आधार आणि शेपटी बसविताना त्यांना विशेष महत्त्व येते. अशा धडाचे कवच अगदी पातळ असते. त्यात छिद्र पाडल्यास भार छिद्राच्या कडेशी एकवटतो आणि कवच तेथून चिरत जाते. आसंजित सांध्यात तोच भार संपूर्ण क्षेत्रावर वाटला जातो. लाकडापासून काचतंतूंपर्यंतचा प्रतिकृतींचा प्रवास हा बव्हंशी आसंजकांच्या सुधारणेचा इतिहास होय.

लाकूड व सरस यांचा काळ : आल्फाँस पेनो या फ्रेंच संशोधकाने १८७१ मध्ये रबराच्या पिळावर चालणारी, स्वतःचा तोल राखणारी प्रतिकृती पॅरिस येथे उडवून दाखविली. पुढे दक्षिण अमेरिकेतील बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा प्रसार झाला आणि त्याच्या पट्ट्या जोडण्यासाठी सेल्युलोजयुक्त, लवकर वाळणारी आसंजके वापरात आली. त्यापूर्वीची आसंजके प्राणिज वा वनस्पतिज होती. महाराष्ट्रातील सुतारांचा सरस, पतंग करणाऱ्यांची पिठाची खळ आणि बाभूळ, धावडा इ. वृक्षांचा डिंक ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कोरड्या हवेत ती भक्कम असली, तरी पाणी शोषताच मऊ पडतात. त्यामुळे पावसाळा ही त्यांची खरी कसोटी ठरते.

या प्रश्नाचे गांभीर्य मोठ्या विमानांच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धात दिसून आले. ब्रिटिशांचे मॉस्किटो हे विमान बाल्सा व प्लायवुड यांच्या थरांचे बनविलेले असून त्याचे आरंभीचे सांधे दुधातील केसिनाच्या आसंजकाने जोडलेले होते. १९४४ मध्ये भारत व ब्रह्मदेश या आघाड्यांवर या विमानांना अपघात होऊन काही वैमानिक मृत्युमुखी पडले आणि नोव्हेंबरमध्ये विमानांची उड्डाणे थांबवावी लागली. दोष उष्ण व दमट हवेचा की कारखान्यातील सदोष चिकटकामाचा, याविषयी तपासात मतभेद झाले. तथापि आसंजकाची निवड व चिकटविण्याचे कौशल्य या दोन्हींवर जीवित अवलंबून असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मॉस्किटोच्या बांधणीत केसिनाऐवजी यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन वापरण्यात येऊ लागले.

कृत्रिम रेझिने व काचतंतू : नॉर्मन डी ब्रुइन यांनी केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे विमानांसाठी कृत्रिम आसंजके तयार केली. १९४१ मधील त्यांच्या ‘रिडक्स’ या आसंजकामुळे धातू व लाकूडही विश्वासार्हपणे जोडता येऊ लागले. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीने १९४० नंतरच्या दशकात इपॉक्सी रेझिनांवर आधारित ‘अरल्डाइट’ बाजारात आणले. घट्ट होताना इपॉक्सीतून पाणी वा वायू बाहेर पडत नाही व ते फारसे आकुंचन पावत नाही. त्यामुळे भारी दाब न देताही सांधा जुळतो. घरगुती कारागिराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

याच सुमारास अमेरिकेत काचेचे सूक्ष्म तंतू मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले होते. काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांचे धड असलेले एक प्रायोगिक विमान १९४४ मध्ये तेथे उडविण्यात आले. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे बांधलेले ‘फिनिक्स’ हे ग्लायडर १९५७ मध्ये उडाले. त्याची रचना काचतंतूंच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड अशी होती. प्रतिकृतिकारांचे जुने लाकूड नव्या द्रव्याच्या गाभ्यात असे टिकून राहिले. पुढे साच्यात काढलेली धडे प्रतिकृतींमध्येही रूढ झाली.

सांध्याची सिद्धता : साच्यातून धड सहज सुटावे म्हणून साच्यास मेण वा पॉलिव्हिनिल अल्कोहॉल लावतात. त्याचा अंश कवचावर राहिला, तर त्यावर कोणतेही आसंजक चिकटत नाही. म्हणून जोडावयाची जागा प्रथम धुऊन स्वच्छ करतात, पॉलिश-कागदाने घासून खरबरीत करतात व धूळ पुसून ॲसिटोनाने पुन्हा स्वच्छ करतात. हा क्रम उलटा झाल्यास घासताना मेण ओरखड्यांत शिरते. प्लायवुडची आडभिंत कवचात ताणून बसवीत नाहीत. तिच्या कडेशी इपॉक्सी व काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या किंवा कापसाचे तंतू यांच्या मिश्रणाचा गोलसर भराव देऊन त्यावर काचकापडाची पट्टी बसवितात. त्यामुळे भार तीव्र कोनात एकवटत नाही. पॉलिएस्टर रेझिनातील स्टायरीन थर्मोकोलासारखा फेस विरघळविते, म्हणून फेसाच्या गाभ्यासाठी इपॉक्सी वापरतात.

हवामानाचा परिणाम येथेही होतो. दमट हवेत ॲमीन वर्गातील कठिनकारक बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी विक्रिया पावून इपॉक्सीवर तेलकट थर धरतो. पुढचा थर देण्यापूर्वी तो पाण्याने धुवावा लागतो. कोकणात पावसाळ्यात हे विशेष जाणवते. याउलट वाशीम, अकोला इ. विदर्भातील जिल्ह्यांत उन्हाळ्याचे तापमान ४०° से. च्या वर जाते. तेथे मिसळलेले इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून ते थोडथोडे मिसळतात. साध्या तापमानात घट्ट केलेले इपॉक्सी सु. ५०° ते ६०° से. पासून मऊ पडू लागते. काचतंतूंची ग्लायडरे पांढरी रंगविण्याचे हे मुख्य कारण होय.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची पहिली पथके १९५० मध्ये मुंबई व कलकत्ता येथे स्थापन झाली. या शाखेच्या प्रशिक्षणात विमान-प्रतिकृती बनविणे व उडविणे यांचा समावेश असतो. मुंबईत १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेविकॉल’ या पॉलिव्हिनिल ॲसिटेटाच्या आसंजकाने सुतारकामातील सरसाची जागा घेतली. ते लाकडास उत्तम असले, तरी काचतंतूंच्या कवचास उपयोगी पडत नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकीय प्रयोगशाळेचे ‘हंसा’ हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये उडाले. त्याचे धड काचतंतूंचे आहे. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या बांधणीत कार्बन तंतूंचे भाग एकत्र शिजवून व आसंजकाने जोडतात. त्याची एक उत्पादनशाखा २०२५ मध्ये नाशिकजवळील ओझर येथे सुरू झाली.

मर्यादा : आसंजित सांध्याचा मोठा दोष म्हणजे त्याचे बळ तो न मोडता मोजता येत नाही. नाण्याने ठोकून वा श्राव्यातीत ध्वनीने पोकळी ओळखता येते. परंतु दोन पृष्ठे परस्परांना टेकली असूनही चिकटली नसतील, तर ते कळत नाही. १९८८ मध्ये हवाई बेटांजवळ एका बोइंग ७३७ विमानाच्या धडाचा वरचा भाग उडून गेला. आसंजकाने जोडलेले पत्र्यांचे सांधे सुटल्याने सर्व भार रिव्हेटांवर आला व त्यांच्या छिद्रांपासून भेगा वाढल्या, असे चौकशीत आढळले. प्रतिकृतीचे एंजिन भिंतीसह सुटले, तर तेही खाली उभ्या असलेल्या माणसास घातक ठरू शकते. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी प्रतिकृती-विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. परिणामी सांध्याच्या विश्वासार्हतेची जबाबदारी तो जोडणाऱ्यावरच राहते. म्हणूनच त्याच पृष्ठांचा व त्याच मिश्रणाचा एक नमुना-सांधा सोबत तयार करून तो मोडून पाहण्याची पद्धत उपयुक्त ठरते. आसंजकाच्या थरातून न सुटता लाकूडच फाटले, तर सांधा योग्य मानतात.